वेरूळच्या अंधारात जुना कॅमेरा

जालन्याच्या मोंढ्यातील एका आडत दुकानात, गादीमागच्या लाकडी कपाटात, जुन्या खतावण्यांच्या शेजारी एक छोटा कॅमेरा बरीच वर्षे पडून होता. कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस असे त्याचे नाव. २००७ साली हे मॉडेल बाजारात आले आणि त्याच सुमारास दुकानाच्या त्या वेळच्या मालकांनी ते हौसेने घेतले. मालक आज हयात नाहीत. दुकान नातू पाहतो. कपाट आवरताना कॅमेरा हाती लागला तेव्हा तो भंगारात द्यावा असेच त्याच्या मनात होते. परंतु वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी एक पाकीट खाली पाठवले आणि बेत बदलला.

पाकिटात चार छायाचित्रे होती. २००८ च्या हिवाळ्यात आजोबा, आजी आणि त्यांची कन्या वेरूळला गेले असता इंद्रसभेत, म्हणजे बत्तिसाव्या लेण्यात, आजोबांनी काढलेली. पहिल्यात प्रांगणातला दगडी हत्ती होता, पण मागचे आकाश पांढरेफटक आणि हत्ती राखेच्या रंगाचा. दुसऱ्यात वरच्या मजल्यावरील छताचे कमळ, पिवळे आणि हललेले. तिसऱ्यात भगवान बाहुबलींची मूर्ती असावी असे केवळ अंदाजाने म्हणता येत होते. पुढचा खांब चुन्यासारखा पांढरा, त्यामागे काळोख, आणि कोपऱ्यात एक तांबूस डाग. चौथे तेवढे चांगले होते. आजी पायरीवर बसल्या आहेत आणि त्यांच्या लुगड्याची किनारसुद्धा मोजता येते.

आजींचे गुडघे आता इंद्रसभेचा जिना चढू देत नाहीत. त्यांची मागणी लहानशी होती. ‘‘बाहुबलींच्या अंगावरच्या वेली एकदा नीट दिसू देत. आणि काढायच्याच असतील तर ह्यांच्याच कॅमेऱ्यानं काढ.’’ मोबाईलचे नाव त्यांनी काढले नाही. नातवानेही वाद घातला नाही.

कॅमेऱ्याची तपासणी मात्र हिशेब तपासावा तशी करावी लागली. आतले जुने पेन्सिल सेल गळून स्प्रिंगवर हिरवट पांढरी पूड साचली होती. कान कोरण्याच्या काडीला व्हिनेगरचा किंचित ओलावा देऊन ती पुसली, कोरडी केली, आणि कॅमेरा सुरू झाला. बाजारातील साधे अल्कलाइन सेल अशा यंत्रात लवकर दम टाकतात. म्हणून पुन्हा भरता येणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड सेलच्या दोन जोड्या घेतल्या. कार्ड दोन जीबीचे, जुनेच ठेवले. आजची मोठ्या क्षमतेची कार्डे असल्या जुन्या यंत्रांना बहुधा ओळखता येत नाहीत, आणि तशी गरजही नसते. सर्वोत्तम दर्जाचे एक छायाचित्र सुमारे तीन एमबीचे होते. त्या तिसऱ्या छायाचित्रातला तांबूस डाग पाहून नातवाने भिंगाला बुरशी लागली असावी असा तर्क केला. भिंगावर बोटांचे तेलकट ठसे होते हे खरे. ते आधी फुंकणीने धूळ उडवून, मग मऊ कापडाने हलक्या हाताने पुसले. बुरशी काही सापडली नाही.

असल्या कॅमेऱ्याची मर्यादा एकदा समजून घेतली की त्याच्याकडून काम घेणे सोपे जाते. त्यातील प्रकाश टिपणारी चकती हरभऱ्याच्या डाळीएवढी, जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या मोठ्या कॅमेऱ्यांतील चकतीचे क्षेत्रफळ तिच्या सुमारे ३५ पट भरते. एवढ्याशा जागेत ७१ लाख बिंदू बसवलेले. उन्हात ही चकती झकास काम करते. अंधारात तिला प्रकाश पुरत नाही, मग यंत्र आयएसओ वाढवते, म्हणजे मिळालेला अपुरा प्रकाश विजेने फुगवते, आणि चित्रावर रांगोळी सांडल्यासारखे रंगीत कण उमटतात. व्यापारी भाषेत सांगायचे तर भांडवल नाही म्हणून उसनवारी. आजोबांनी सगळे ‘ऑटो’वर सोपवले होते, आणि यंत्राने त्याच्या समजुतीप्रमाणे उसनवारी केली होती.

डिसेंबरातील एका बुधवारी नातू आणि त्याची आत्या निघाले. वेरूळ मंगळवारी बंद असते, हे अनेक कुटुंबांना फाटकापाशी पोहोचल्यावर कळते. छत्रपती संभाजीनगर, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद असा नेहमीचा मार्ग. कैलास लेण्यासमोर सहलींच्या बस उभ्या होत्या. तिथे दोघे थांबले नाहीत. पाहण्यास खुली असलेली चौतीस लेणी सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या डोंगरकड्यात पसरली आहेत, आणि तीस ते चौतीस ही जैन लेणी उत्तरेच्या टोकाला. बहुतेक सहली कैलास पाहून परततात. त्यामुळे इकडे निवांतपणा असतो, आणि छायाचित्र काढणाऱ्याला निवांतपणासारखे दुसरे साधन नाही.

इंद्रसभेचे प्रांगण उघडे आहे. मधोमध एकाच दगडातून कोरलेले सर्वतोभद्र मंदिर, एका बाजूस मानस्तंभ, दुसऱ्या बाजूस हत्ती. राष्ट्रकूटांच्या काळातील, नवव्या-दहाव्या शतकातील हे काम. ‘इंद्रसभा’ हे नाव गैरसमजातून पडले असे अभ्यासक सांगतात; वटवृक्षाखाली हत्तीवर बसलेल्या यक्षाला पाहणाऱ्यांनी इंद्र मानले. त्याच्या जोडीला आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे, आणि तिच्याकडे पाहताना कोरणाऱ्याने आंब्याच्या पानांवर किती वेळ घालवला असेल असा विचार कोणाच्याही मनात येईल.

चौथे छायाचित्र का साधले, याचे उत्तर प्रांगणातच मिळाले. आत्यांना पायरी आठवत होती. ती सावलीत होती, पण ती उघड्या आकाशाची सावली. समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ प्रकाश तिथे भरून राहतो. चौकटीत आकाश नव्हते आणि अंतर थोडे होते. अशा प्रकाशात वीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा आजच्या यंत्राच्या बरोबरीने उभा राहतो.

हत्तीचे गणित वेगळे. वेरूळचा दगड काळा बेसॉल्ट. कॅमेऱ्याचे मापक जगातील प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते. काळा दगड दिसला की ते प्रकाश वाढवते, दगड राखाडी होतो आणि आकाश पार जळून जाते. या कॅमेऱ्यातून कच्च्या स्वरूपातील फाईल मिळत नाही, फक्त जेपीईजी. त्यामुळे जळालेले आकाश घरी येऊन परत मिळवता येत नाही. नातवाने प्रकाशमात्रा दोन तृतीयांश पायरीने खाली आणली, बाजूला सरकून आकाशाऐवजी मागचा कडा चौकटीत घेतला, आणि हत्ती पुन्हा काळा झाला. तुटलेल्या भागांच्या कडाही उठून दिसू लागल्या.

वरच्या मजल्यावर खरी कसोटी होती. खालचा मजला अपुरा राहिलेला. कारागिरांनी जीव ओतला तो वर. खांबांच्या रांगा, मधल्या छतावर मोठे कमळ, ठिकठिकाणी रंगकामाचे अवशेष. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. नंतर बाहुबली दिसू लागतात. कायोत्सर्गात उभे, मांड्यांवरून आणि दंडांवरून वेली चढलेल्या, आणि चेहरा असा की त्या वेलींची त्यांना वार्ताही नसावी.

नातवाने पहिली सहा छायाचित्रे हातात धरून काढली आणि सहाही वाया गेली. दुरून झूम केले होते, हीच चूक. या भिंगाचे तोंड रुंद कोनात २.६ इतके उघडते. झूम पूर्ण ताणला की ते ५.५ वर येते, म्हणजे प्रकाश चौपटीहून कमी होतो. झूम करण्यापेक्षा चार पावले पुढे जाणे केव्हाही बरे. फ्लॅशचा तर प्रश्नच नव्हता. रंगकाम असलेल्या लेण्यांत तो वापरूच नये, आणि वापरूनही लाभ नसतो. या कॅमेऱ्याचा फ्लॅश साडेतीन मीटरांच्या पुढे पोहोचत नाही. आजोबांच्या छायाचित्रात जवळचा खांब पांढरा आणि मूर्ती काळोखात, त्याचे कारण एवढेच.

तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पण आत्या मोंढ्यात वाढलेल्या. त्यांनी पर्समधून मुगाच्या नमुन्याची छोटी कापडी पिशवी काढली. जमिनीवर शिदोरीचा डबा, डब्यावर मुगाची पिशवी, पिशवीच्या खळग्यात कॅमेरा. डबा पाहून पहारेकरी पुढे आला.

‘‘इथं जेवायला बसता येणार नाही, बाई.’’

‘‘जेवत नाही हो. डबा उघडलाय का? कॅमेऱ्याला बसायला पाट दिलाय,’’ आत्या म्हणाल्या.

पहारेकरी हसला, आणि पुढे तोच येणाऱ्या-जाणाऱ्यांना क्षणभर थांबण्यास सांगू लागला.

आयएसओ सर्वांत खालचा, ८० वर. फ्लॅश बंद. भिंगाचे तोंड थोडे आवळून ४ वर. फार आवळून उपयोग नसतो, इतक्या लहान चकतीवर ८ ला चित्र उलट मऊ पडते. उघडझापीचा वेळ अडीच सेकंद. कॅमेरा स्थिर टेकलेला असल्याने थरथर रोखणारी सोय बंद केली. बटण दाबताना बोटाचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. रंग पिवळे येऊ नयेत यासाठी आत्यांनी पांढराशुभ्र रुमाल मूर्तीच्या बाजूच्या उजेडात धरला आणि त्यावरून कॅमेऱ्याला ‘हे पांढरे’ असे शिकवले. हे सारे वाचताना खटाटोप वाटतो; करताना दोन मिनिटे लागली. बटण दाबले, कॅमेरा थबकला, उघडला, मिटला, आणि तेवढाच वेळ स्वतःचे दोष वजा करण्यात घालवून त्याने पडद्यावर चित्र दाखवले. वेली दिसत होत्या.

त्याच वेळी आत्यांनी मोबाईलवरही एक छायाचित्र घेतले. न्याय करायचा तर हातात धरून, क्षणात, अंधारात मोबाईलने जे टिपले ते या कॅमेऱ्याला हातात धरून कधीही जमले नसते. ज्यांना घाई आहे त्यांनी मोबाईलच वापरावा. मात्र मोठे करून पाहिल्यावर मोबाईलमधील वेली मेणाच्या वाटत होत्या. त्याने कण पुसता पुसता छिन्नीच्या खुणाही पुसल्या होत्या. डब्यावर बसलेल्या जुन्या कॅमेऱ्याने त्या ठेवल्या होत्या.

छताच्या कमळासाठी तर पिशवीही लागली नाही. रुमाल जमिनीवर पसरून कॅमेरा त्यावर उताणा ठेवला, टायमर लावला आणि दोघे बाजूला झाले. आजोबांनी मान वर करून, हात ताणून जे साधण्याचा प्रयत्न केला होता ते जमिनीने एका खेपेत साधले.

शेजारच्या जगन्नाथ सभेत जायचे राहिले. उन्हे कलू लागली होती, कड्यावर सोनेरी प्रकाश चढत होता, आणि नातवाला आणखी तासभर हवा होता. परंतु आत्यांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. प्रकाश उत्तम होण्याची वेळ आणि पाने वाढण्याची वेळ एकच. नातवाने एकदा कड्याकडे पाहिले, एकदा डब्याकडे, आणि कॅमेरा बंद केला. फाटकाबाहेर झाडाखाली दशम्या, मेथीचे लाडू आणि मुगाची उसळ निघाली. पिशवीतले मूग तेवढे तसेच परत आले.

छपाईच्या वेळी आणखी एक खाचखळगा निघाला. या कॅमेऱ्याच्या चौकटीचे प्रमाण चारास तीन. स्टुडिओतील नेहमीचा सहा बाय चारचा कागद तीनास दोन. तसाच छापला तर वरखाली कापले जाते, म्हणजे उभ्या मूर्तीचे चित्र आडवे घेतले असेल तर मस्तक तरी जाते वा चरण तरी. नातवाने आठ बाय सहाचा आकार मागितला आणि यंत्राकडून होणारी आपोआप रंगसुधारणा बंद ठेवण्यास सांगितले. नाहीतर काळा दगड पुन्हा करडा झाला असता. ३०७२ गुणिले २३०४ बिंदूंचे चित्र त्या आकारात तीनशेहून अधिक बिंदू प्रति इंच या हिशेबाने छापता येते. त्याहून मोठे घरात कोणाला हवे होते?

आजींनी चष्मा पुसून नवे छायाचित्र खिडकीशी धरले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. बोटाने हवेतच वेलीचा माग काढत त्या दंडापर्यंत गेल्या. मग पाकीट मागवून नवी छायाचित्रे त्यात घातली. नातू म्हणाला, ‘‘आजी, ते जुनं काळं झालेलं काढून टाकू का? नाहीतर स्टुडिओवाला कोपऱ्यातला तो तांबडा डाग तरी पुसून देईल.’’

आजींनी जुने छायाचित्र त्याच्या हातून घेतले.

‘‘पुसतोस कशाला? त्यांचं बोट आहे ते. भिंगापुढं आलं होतं. तेव्हा मी सांगितलंही होतं,’’ त्या म्हणाल्या, आणि ते पाकिटात सर्वांत वर ठेवले.