दिसतंय तोवरच
कांदाटी खोऱ्यात साखरेचा आजार कसा असेल, असं मला अनेकांनी विचारलंय. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडची ही गावं. तापोळ्याहून किंवा बामणोलीहून लाँचने जायचं, मग चढण चढायची. नाचणी-भात खाणारी, रोज डोंगर चढणारी माणसं. पण इथे घरटी कुणीतरी मुंबईत राबलेलं असतं, बरेचसे माथाडी म्हणून. ते साठीला गावी परततात तेव्हा सोबत गोळ्यांची पिशवी असते. आणि गाव कधीच न सोडलेल्या बायकांचीही साखर वाढलेली सापडते. देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये मांडला. तो आकडा वाचला तेव्हा मला हे खोरंच आठवलं.

मी एका नेत्ररुग्णालयाच्या फिरत्या पथकात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. हातात धरायचा फंडस कॅमेरा आल्यापासून डोळ्याच्या पडद्याचा फोटो शाळेच्या खोलीतही काढता येतो. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करायचा. ज्यांची बाहुली लहान राहते त्यांना थेंब घालून वीस-पंचवीस मिनिटं बसवायचं. मग काही तास त्यांना जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही, आणि घरी जायला दगडांची पायवाट. म्हणून वरच्या वाड्यांतल्या माणसांना आधी घेतो आणि सोबत कुणी असल्याशिवाय थेंब घालत नाही. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. फोटो साठवून ठेवतो, रेंजमध्ये आलो की ते साताऱ्याला पडद्याच्या डॉक्टरांकडे जातात.

इथवरचं काम जमतं. खरा कस पुढे लागतो, कारण आमच्या रुग्णाला चांगलं दिसत असतं. साखर सतत जास्त राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, काही बंद पडतात. रक्त न मिळणाऱ्या भागामुळे नव्या वाहिन्या फुटतात, त्या नाजूक असतात आणि एखाद्या दिवशी डोळ्यात रक्तस्राव होतो. पडद्याचा मधला भाग शाबूत असेल तर तोवर माणूस सुईत दोरा ओवत असतो. मोतीबिंदूचं तसं नसतं. नजर अधू झाल्यावर माणूस आपणहून येतो, एकदा शस्त्रक्रिया झाली की दिसू लागतं, आणि गावभर सांगत सुटतो.

माथाडीतून निवृत्त झालेले एक तात्या फोटो काढायलाच तयार नव्हते. “ताई, पलीकडच्या काठाची लाँच कुणाची ते हितनं सांगतो मी. मला काय झालंय?” आशाताईंनी त्यांना धरून बसवलं. उजव्या डोळ्यात रक्ताचे ठिपके होते आणि नसेच्या तोंडाशी नव्या वाहिन्यांचं जाळं. मी शेजारी निरोगी पडद्याचा फोटो ठेवला. ते दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले. प्रश्न विचारला तो मात्र त्यांच्या सोबत आलेल्या काकूंनी. “किती येळा जायचं? आन् म्हशीचं कोण बघणार?”

या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणं मला पटत नाही. लेझर दोन-तीन बैठकांत होतं, पुढे तपासणीला यावंच लागतं. पडद्याच्या मध्यावर सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन, सुरुवातीला दर महिन्याला. आणि सगळ्यात अवघड वाक्य आधीच सांगते: लेझरनं नजर वाढणार नाही, आहे ती टिकवायची आहे. उशिरा आलेल्या रुग्णाची नजर आजारानेच जाते, पण वाडीत चर्चा होते ती लेझरने गेल्याची. मग त्या वाडीतून कुणी येत नाही.

इथल्या माणसाला साताऱ्याची एक फेरी म्हणजे अख्खा दिवस, बुडालेली मजुरी आणि सोबत आणखी एक माणूस. शेवटची लाँच चुकली तर मुक्काम. पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो आणि भातलावणी सुरू असते. ‘रुग्ण उदासीन आहेत’ असं अहवालात लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. उपकेंद्रात साखर मोजली जाते, गोळ्या मिळतात, त्याच वहीत पडदा शेवटचा कधी तपासला याचा एक रकाना असावा, एवढं साधं मागणं आहे. मधुमेह्याचा पडदा वर्षातून एकदा बघायलाच हवा. आणि शिबिरात किती जण तपासले हे छापण्याआधी लेझर लागणाऱ्यांपैकी कितींचं झालं ते छापावं.

तात्या लेझरला आले. शेजारणीने म्हैस सांभाळली. त्यांच्या दोन बैठका झाल्यात, तिसरी पावसाच्या आत उरकायची आहे. त्याच शेजारणीलाही साखर आहे. तिचा पडदा बघायचा राहिलाय, कारण शिबिराच्या दिवशी ती दोन घरची गुरं घेऊन रानात होती. आता तारीख धरायच्या आधी मी आशाताईंना फोन करते: कोणाच्या घरी लग्न, कुठल्या वाडीत कामाची घाई, कोणाची गुरं कोण बघणार. या वेळी त्यांनी सकाळची वेळ सुचवली आहे, गुरं सोडायच्या आधीची. त्यासाठी आम्हाला आदल्या संध्याकाळीच लाँचने पलीकडे मुक्कामाला जावं लागेल.