पानापुढची रांगोळी

प्रवरेकाठच्या नेवाशास लाडमोड नावाचे जे पांढरीचे टेकाड आहे, ते पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात खणले तेव्हा त्यातून रोमन मद्यकुंभांची खापरे निघाली, हे वाचल्यापासून एक विचार माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे : बुडाशी निमुळते होत गेलेले ते दोन कानांचे कुंभ पश्चिम किनाऱ्यावर उतरून, घाट चढून इथवर येत, साधारण त्याच युगात तिकडे रोमात तत्त्वज्ञ सेनेका क्रोधावरचा आपला ग्रंथ लिहीत होता, मद्य आले, ग्रंथ मात्र आला नाही.

रात्री दिवा हलवला आणि पतीची खोड ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली, की हा सेनेका स्वतःच्याच इजलासापुढे दिवसभराची कैफियत मांडी. मुद्दई तो, मुद्दालेह तो, मुन्सफही तोच, त्यामुळे निकाल बहुधा समज देऊन सोडून देण्याचा. त्या दप्तरात खून-दरोड्यांची प्रकरणे नाहीत. मेजवानीत खालच्या जागी बसवले, म्हणून यजमानावर, बोलावणे धाडणाऱ्यावर आणि वरच्या जागी बसलेल्या इसमावर राग आला, हे तिथले नमुनेदार प्रकरण.

शेवगावकडच्या एका लग्नात आमच्या मावशीच्या यजमानांच्या पानाभोवती रांगोळी नव्हती, आणि उदबत्तीचे घर शेजारच्या पानाकडे सरकलेले होते. “आमचं काय, कुठंही बसवा,” एवढेच बोलून ते जे हात आवरून बसले, ते वाढपी बुंदीचे ताट घेऊन पुनःपुन्हा समोरून गेला, मसालेभात निवाला, मठ्ठ्याच्या द्रोणावर माशी घोंगावू लागली, तरी ढळले नाहीत. पंगत खोळंबली. अखेरीस वरपिता उपरणे सावरीत आले, “काका, चुकलं आमचं, आता पदरात घ्या,” म्हणाले, आणि वाढलेल्या पानाभोवती कोणीतरी घाईने रांगोळीची चिमूट ओढली, ती थोडी वरणात पडली. काकांनी ते वरण भातात कालवून समाधानाने संपवले.

त्याच नेवाशात शके १२१२ साली खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायातील ज्ञानाची लक्षणे उलगडली, त्यांत पहिला मान अमानित्वाला आहे : बृहस्पतीची सर्वज्ञता अंगी असली तरी महिमा वाढेल या भीतीने वेडेपणात दडणारा तो पुरुष, सत्कार झाला की व्याधाने कोंडलेल्या मृगासारखा कासावीस होतो. असा मनुष्य मी नगर जिल्ह्यात तरी पाहिलेला नाही.

रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याने लष्कराच्या छावणीत स्वतःसाठी लिहिलेले चिंतन मी आदराने वाचतो. पण त्या सम्राटास पंगतीत खाली बसवण्याची प्राज्ञा कोणाची होती? सेनेकाचे तसे नव्हते. नीरोचा गुरू, अपार धनाढ्य; त्याच्या घरी हस्तिदंती पायांची एकसारखी पाचशे मेजे होती, अशी नोंद डिओ नावाच्या इतिहासकाराने बऱ्याच खवचटपणे करून ठेवली आहे. घरी एवढी मेजे असणारा माणूस दुसऱ्याच्या मेजावरील जागेसाठी रुसला असेल, यावर माझा चटकन विश्वास बसतो. आमच्या काकांच्याही वाड्यात पाट काही कमी नव्हते.