गाठ किती आवळायची

काचबिंदूच्या ट्रॅबमध्ये, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेत, फ्लॅपवरची गाठ आता माझी विद्यार्थिनी मारते आणि मी शेजारच्या भिंगातून बघतो. 10-0 नायलॉन धरताना माझी बोटं पूर्वीसारखी स्थिर राहत नाहीत. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, पण अडते ती मी अडायचो तिथेच. "सर, बास?" असं विचारते.

गाठ सैल राहिली तर दुसऱ्या दिवशी डोळ्याचा दाब 4 आणि पडद्याच्या मध्यभागी सुरकुत्या. घट्ट बसली तर दाब पुन्हा तिशीत. बाजूच्या छिद्रातून सलाइन भरायचं, फ्लॅपची कड स्पंजनं टिपायची आणि बघत राहायचं. पाणी झरझर येऊ नये, कड हळूहळू ओलसर व्हावी. हे साधलं तरी डोळ्यावरचा टेनॉनचा पापुद्रा वाट बुजवायला टपलेलाच असतो. मायटोमायसिन हे औषध लावतो ते त्यालाच आवरायला. एरवी जखम लवकर भरावी म्हणून आपण धडपडतो. इथे तेच भरून येणं आमच्या मुळावर उठतं.

अमेरिकेतल्या 'एजिस' अभ्यासात ज्या डोळ्यांचा दाब 6 वर्षं प्रत्येक भेटीत 18 च्या खाली राहिला, त्यांचं फील्ड, म्हणजे नजरेचा आवाका, सरासरीनं जिथल्या तिथे राहिलं. माझ्या कामाचा सगळा आधार तो. पण सरासरीच ती! दाब 10 असूनही फील्ड घसरत गेलेले डोळे मी पाहिलेत, आणि त्यांचे कागद मला अजून पाठ आहेत.

मोतीबिंदूचा रुग्ण दुसऱ्या दिवशी पेढे आणतो. माझा रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, काहीच फरक नाही." गेलेली नजर परत येत नाही, हे आधी सांगूनही म्हणतो. त्या पेढ्यांचा मला हेवा वाटत आला. पसरट, फिकट ब्लेबचे, म्हणजे त्या वाटेवर उठणाऱ्या फुगवट्याचे, फोटो परिषदांमध्ये दाखवून मी ती दाद मिळवत राहिलो.

हल्ली मोतीबिंदूबरोबरच इवलासा स्टेंट बसवून मोकळं व्हायची लाट आहे. सुरुवातीच्या काचबिंदूत तो ठीक. पण नस जवळजवळ वाळलेल्या डोळ्याला दाब दहा-बाराच्या घरात लागतो आणि तिथे स्टेंट सहसा पुरत नाही. नव्या मुलांना ट्रॅब नको वाटते, कारण नंतरचे कित्येक आठवडे टाके सोडवत, ब्लेब चोळत बसावं लागतं. माझ्या मते खरी शस्त्रक्रिया तीच.

ज्यांची ट्रॅब झाली आहे त्यांना एवढंच सांगणं: नजर तशीच आहे म्हणून फील्ड तपासणी सोडू नका. आणि ऑपरेशनला कितीही वर्षं झाली असली, तरी तो डोळा लाल झाला, दुखला किंवा चिकटू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.