यंत्राचा सूत्रधार

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचीं चित्रें उमटेपर्यंत जे दहावीस सेकंद जातात, त्यांत काय घडतें याचा विचार बहुतेकांच्या मनांत कधीं येत नाहीं. आणि येण्याचें कारणहि नाहीं. दार उघडलें कीं आंत जावें. बिजागरीची चौकशी कोण करतो? परंतु एखाद्या सकाळीं चित्रांच्या जागीं काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि तिच्या खालीं लुकलुकणारी एक रेघ, एवढेंच दिसतें, तेव्हां शहाणासुरता मनुष्यहि घाबरतो. आणि घाबरलेल्या मनुष्यास जो पहिला भेटेल त्याचा सल्ला पटतो. आम्ही लिहीत आहों तें या घाबरण्याविषयीं.

'बूट' या शब्दाचें मूळ मोठें गमतीचें आहे. स्वतःच्याच बुटांचे फांस ओढून स्वतःला जमिनीवरून वर उचलण्याची अशक्य गोष्ट इंग्रजी बोलण्यांत येते, तिच्यावरून संगणकवाल्यांनीं हा शब्द घेतला. अडचण खरोखरीच तशी आहे. हार्ड डिस्कवर ठेवलेली कार्यप्रणाली वाचून स्मृतींत आणावयाची, तर वाचावें कसें हें यंत्रास ठाऊक हवें. आणि तें ज्ञान तर त्या प्रणालींतच! यावर तोड अशी निघाली कीं, यंत्राच्या मुख्य फळीवरील एका चिपमध्यें थोडकें ज्ञान कायमचें भरून ठेवावें, आणि त्यानें डिस्कचा अगदीं पहिला कप्पा तेवढा वाचावा. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत हा कप्पा ५१२ बाइटांचा. पैकीं ६४ बाइट विभागांच्या, म्हणजे पार्टिशनांच्या, नोंदींत जातात, शेवटचे २ केवळ खुणेचे, आणि उरलेल्या ४४६ मध्यें सारा उद्योग बसवावयाचा. देवनागरीच्या एकेका चिन्हास युनिकोडच्या प्रचलित लेखनांत ३ बाइट लागतात. तेव्हां या परिच्छेदाचीं पहिलीं दोन वाक्येंहि तेवढ्या जागेंत मावणार नाहींत.

म्हणून तेथला चिमुकला बूट लोडर एकच काम करतो: आपल्याहून थोड्या मोठ्या दुसऱ्यास हांक मारतो, आणि तो दुसरा कार्यप्रणालीस जागें करतो. आमच्या जुन्या संगीत नाटकांतला सूत्रधार असाच असे. नांदी म्हणावी, नटीशीं चार शब्द बोलावे, आणि नाटक उभें राहिलें कीं विंगेंत निघून जावें. सूत्रधार आजारी पडला तर पडदा वर जात नाहीं हें खरें. पण म्हणून नाटकाची वहीच जळाली, असें कोणी म्हणत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र नेमकें तेंच म्हटलें जातें.

या सूत्रधारांत लिनक्सचा लायलो आम्हांस विशेष आवडे. २०१५ च्या अखेरीस त्याचा विकास थांबला. सुरू होतांना तो आपल्या नांवाचीं चार इंग्रजी अक्षरें एकेक करून पडद्यावर लिहीत असे. नुसत्या 'एल्' वर अडला, तर पहिला टप्पा चालला पण दुसरा हातीं आला नाहीं. 'एल्-आय्' वर अडला, तर दुसरा आला पण चालूं शकला नाहीं. आणखी एक 'एल्' उमटून थांबला, तर चालूं लागूनहि त्याला आपला तक्ता वाचतां आला नाहीं. आपल्या दुखण्याचें निदान स्वतःच सांगून आडवा होणारा असा रोगी कोणत्या वैद्यास नको असेल? त्याच्या जागीं आलेला ग्रब पुष्कळ अधिक बोलतो, पण त्याचें बोलणें ऐकून घेणारे थोडे.

आमचे एक वडीलधारे स्नेही आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शिक्षकी संपल्यावर अकरा वर्षें गांवोगांव हिंडून त्यांनीं जात्यावरच्या ओव्या जमविल्या. ज्यांनीं त्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेक बायका आतां हयात नाहींत. मूळ वह्या वाळवीनें खाल्ल्या. राहिला तो संगणकांत उतरलेला संग्रह. त्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली शेजारीं शेजारीं नांदत होत्या, आणि ओव्या लिनक्सच्या घरांत होत्या. सुटींत आलेल्या नातवानें खेळासाठीं जागा हवी म्हणून विंडोजमधून एक रिकामा विभाग पुसून टाकला. दुसऱ्या दिवशीं काळा पडदा. 'असा विभाग नाहीं' अशा अर्थाची इंग्रजी ओळ, आणि तिच्या खालीं 'ग्रब रेस्क्यू' हे दोन शब्द. दुरुस्तीच्या दुकानांतून निर्णय मिळाला, "डिस्क गेली. फॉरमॅट मारावा लागेल."

अण्णांनीं आम्हांस बोलावून घेतलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "पोराला कांहीं बोलूं नका हो. दोन दिवस धड जेवलेला नाहीं."

'मारणें' हें क्रियापद येथें किती नेमकें आहे! दुकानदारास आम्ही लबाड म्हणत नाहीं. ज्याच्या फडताळांत एकच बाटली, तो सर्व दुखण्यांस तीच देणार. पण पडद्यावरची ओळ त्यानें वाचलीच नव्हती. जुन्या नोंदींच्या पद्धतींत पोटविभागांस पांचापासून पुढें क्रमानें आंकडे पडतात. नातवानें पुसला तो पांचवा. त्यामुळें लिनक्सचा सहावा विभाग आपोआप पांचवा झाला. ग्रबला मात्र सहाव्याचा पत्ता पढविलेला. घर होतें तेथेंच होतें. पाटीवरचा एक आंकडा बदलला होता.

आम्हीं आधीं कान लावला. डिस्क टकटक वाजत असती, तर यंत्र तत्काळ बंद करून ती विद्या जाणणाऱ्याच्या स्वाधीन करणें एवढेंच करावयाचें असतें. तशी ती वाजत नव्हती. मग पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या लिनक्सनें यंत्र उठविलें, आणि कशासहि हात न लावतां ओव्यांचा सारा संग्रह प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरून घेतला. दुरुस्तीच्या पुस्तकांत हा क्रम बहुधा उलटा असतो. तो आम्हांस मान्य नाहीं. फायलींना गांवांचीं नांवें होतीं. तीं पडद्यावर एकामागून एक येऊं लागतांच अण्णा मागें उभे राहून तीं मोठ्यानें वाचूं लागले, आणि मध्येंच एका नांवापाशीं थांबून चष्मा पुसूं लागले.

पुढचें काम किरकोळ होतें. त्या लुकलुकणाऱ्या रेघेपुढें 'एल्-एस्' लिहिलें कीं ग्रब दिसतील ते विभाग दाखवितो. पांचव्यांत त्याचें सामान सांपडलें. तो नवा पत्ता 'सेट' या आज्ञेनें त्याला सांगितला. मग 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल', आणि नेहमींची यादी पडद्यावर आली. अर्थात् हें सांगणें तेवढ्या वेळेपुरतें. म्हणून लिनक्स सुरू झाल्यावर ग्रब डिस्कच्या आरंभीं पुन्हां बसविला. विंडोजच्या दुरुस्ती-साधनांनीं पहिला कप्पा नव्यानें लिहिला असता तर विंडोज उघडलें असतें, पण लिनक्सचें दार बाहेरून चिणलें गेलें असतें. आणि ओव्या गेल्या अशीच अण्णांची समजूत झाली असती.

नव्या यंत्रांत ४४६ बाइटांची ती कसरत उरलेली नाहीं. तेथें बूट लोडर ही एका लहान विभागांतली साधी फाइल असते, आणि तिचें नांव यंत्राची फळी आपल्या स्मृतींत ठेवते. दुखणींहि त्याप्रमाणें बदललीं: फळी नांव विसरते, किंवा कोणीतरी सेटिंगमध्यें जुनी पद्धत चालू करून ठेवतो. पुष्कळदां तर विसरून लावून ठेवलेला पेनड्राइव्ह एवढाच रोग निघतो. मात्र एक नवें कुलूप आलें आहे. विंडोजनें डिस्क कुलुपांत ठेवली असेल, तर प्रारंभाच्या व्यवस्थेंत फेरफार होतांच ती ४८ अंकी किल्ली मागूं शकते. ती हातीं नसेल तर शाबूत डिस्कहि परक्याची.

नातवानें अलीकडे नवा लॅपटॉप घेतला, तेव्हां अण्णांनीं हे ४८ अंक त्याच्याकडून मागून घेतले आणि सुवाच्य अक्षरांत पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवले. पंचांग दरवर्षीं बदलतें, हें आम्हीं त्यांच्या ध्यानास आणून दिलें. आतां ते अंक दासबोधाच्या पोथीच्या आंतल्या कोऱ्या पानावर आहेत.