पान, अद्रक, कोळसा

८ जुलै
रामावतार बुधईप्रसाद यांचा खटला आज पुन्हा वाचला. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १९६१ सालचा. तंटा आमच्या अकोल्याचा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४७च्या विक्रीकर कायद्यात 'व्हेजिटेबल्स'वर कर नव्हता. विड्याची पानं विकणाऱ्या व्यापाऱ्याचं म्हणणं, पानंही त्यातच मोडतात. शब्दकोश उघडला तर तो चुकत नव्हता, पान वनस्पतीचंच. न्यायालयानं मात्र कोशातला अर्थ आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही बाजूला ठेवलं. रोजच्या बोलण्यात लोक ज्याला भाजीपाला म्हणतात, परसात लावतात, जेवणात वाढतात, तेवढंच धरायचं. पानावर कर लागला.

मला हा निकाल पटतो. पान लग्नाच्या सुपारीला लागतं, पूजेला लागतं, जेवण झाल्यावर लागतं. जेवणासाठी ते कुणी चिरत नाही.

९ जुलै
भाजीबाजारात गेलो होतो. सांबाराच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, लिंबं आणि माती लागलेलं ओलं अद्रक, सगळं एकाच ओल्या पोत्यावर. मावशींना विचारलं, "अद्रक भाजीत धरायचं की मसाल्यात?" त्या तराजूतून वर न बघता म्हणाल्या, "भाजीवाल्यापाशी भेटते, तर भाजीतच ना बाप्पा!"

पश्चिम बंगालातल्या ओल्या आल्याचा हाच वाद १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला होता. आलं भाजीपाल्यातच धरलं गेलं. तिथल्या कायद्यात सब्जी, तरकारी, शाक असे लोकांच्या तोंडचे शब्द होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

११ जुलै
लोक ठरवतात म्हणावं, तर कोणते लोक? मध्य प्रदेशातल्या खटल्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली दिलेल्या निकालात प्रश्न होता, लाकडी कोळसा 'कोल'मध्ये येतो का. भूगर्भशास्त्रज्ञ नाहीच म्हणेल. एक खाणीतून निघतो, दुसरा लाकूड जाळून करतात. न्यायालयानं व्यापारी आणि गिऱ्हाईक काय समजतात ते पाहिलं आणि लाकडी कोळसाही त्यात धरला.

शब्दाला अर्थ कुठून येतो, हा वाद आपल्या तत्त्वज्ञांत फार जुना. मीमांसक म्हणत, शब्द आणि अर्थ यांचं नातं उपजत, कुणी जोडलेलं नाही. नैयायिक म्हणत, ते संकेतानं ठरलेलं. मी नैयायिकांच्या बाजूचा. पण मीमांसकांच्या म्हणण्यातली एक गोष्ट सोडवत नाही: अर्थ कुणा एकट्याच्या मर्जीवर चालत नाही. अकोल्याचा व्यापारीही भाषा बोलणाराच होता, त्याचा पैसा अडकला होता, तरी त्याच्या म्हणण्यानं पानाची भाजी झाली नाही. उद्या सरकारनं म्हटलं तरी ती होणार नाही. फार तर कागदावर तसं लिहिता येईल. अर्थ देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या मध्ये असतो, दोघांनी मिळून सांभाळलेला.

१२ जुलै
रात्री परत तोच विचार. अकोल्याच्या खटल्यातला कायदा इंग्रजीत होता म्हणून 'व्हेजिटेबल'चा अर्थ लावत दिल्लीपर्यंत जावं लागलं. कायद्यात 'भाजी' असती, तर पानवाल्याला आणि कर अधिकाऱ्याला तो बाजारातच कळला असता. कराच्या याद्या करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मसुदा पक्का करण्याआधी तो बाजारात नेऊन विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना वाचून दाखवा, आणि ते ज्या नावानं माल मागतात तेच नाव यादीत घाला.