कोसबाडच्या टेकडीवर

पश्चिम रेल्वेच्या डहाणू रोड स्टेशनावर उतरले की घाटावरच्या शेतकऱ्याची नजर आधी जाते ती चिकूच्या वाड्यांवर. २०१३ सालापासून मुंबईची लोकल इथवर येते, त्यामुळे जाणे सोपे झाले आहे. समुद्र डाव्या हाताला ठेवून घोलवड-बोर्डीच्या रस्त्याला लागावे. दोन्ही बाजूंना चिकूची गच्च हिरवी झाडे, खाली सावली अशी की भर उन्हाळ्यात अंग निवावे. इराणी आणि पारशी बागाईतदारांनी या फळाचा इथे जम बसवला. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आज आपल्याला बागा बघायच्या नाहीत. समुद्राकडे पाठ करून थोडे आत वळले की जमीन चढू लागते, चिकू मागे पडतो, भाताची खाचरे आणि ताडाची झाडे दिसू लागतात. तीच कोसबाडची टेकडी.

टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. कलमांची, मोगऱ्याची माहिती घ्यायला शेतकरी येतात आणि बहुतेक जण तेवढे काम उरकून परततात. मला विचाराल तर या टेकडीवरचे सगळ्यांत मोलाचे पीक निराळेच आहे. आपल्या गावात समाजमंदिरात नाहीतर देवळाच्या ओसरीवर जी अंगणवाडी भरते, तिचे बी या मुलखात रुजले.

हा मुलूख वारल्यांचा. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणाचा सारवा आणि तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे. ती चित्रे आता परदेशात जातात. पण १९४५ साली या चित्रांच्या धन्याची दशा काय होती? लग्नापुरते कर्ज काढायचे आणि त्यापायी नवराबायकोने सावकार-जमीनदाराच्या घरी राबत राहायचे. त्याला लग्नगडी म्हणत. त्याच साली गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारल्यांना या वेठीविरुद्ध उभे केले. आणि त्याच साली, फारसा गाजावाजा न होता, बोर्डीला दोन बायका लहान मुलांची शाळा काढायला आल्या.

थोरल्या ताराबाई मोडक. १९१४ सालच्या पदवीधर, गुजरातेत गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या. १९२६ साली निघालेल्या नूतन बालशिक्षण संघाचा कारभार त्याच बघत. मुंबईत दादरला त्यांचे शिशुविहार चांगले चालले होते. पण खेड्यातल्या मुलाला हे शिक्षण कधी मिळणार, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाची त्रेपन्न वर्षे झाल्यावर त्या खेड्यात आल्या.

धाकट्या अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत कपाळ पांढरे झाले. त्या काळी अशा पोरीच्या वाट्याला माजघराचा अंधार यायचा. अनुताईंच्या वाट्याला पाटी-पुस्तक आले, कारण माहेरच्यांनी तिला शिकू दिले. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात त्यांनी मास्तरकी केली, मग पुण्याच्या हुजूरपागेत वर्षानुवर्षे शिकवले. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. व्हायला १९६१ साल उजाडले, तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या! पुण्यातली कायमची नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या त्या पस्तिसाव्या वर्षी, आणि पुढचे सारे आयुष्य याच मुलखात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण पाड्यावरची, दलित वस्तीतली मुले काही तिथवर येईनात. आईबाप दिवस उगवताच मजुरीला जात. उघडीनागडी मुले चांगल्या कपड्यांतल्या मुलांत बसायला बुजत. दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात नेऊ. कुणाचे तरी सारवलेले अंगण घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची, आणि मग गाणी-गोष्टी. म्हणून ती अंगणवाडी.

साधनांचेही तसेच. परदेशी माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने शहरातल्या शाळांना परवडत. इथे त्यांच्या जागी चिंचोके आले, शंख-शिंपले आले, नदीतले गोटे, पाने, बांबूच्या कांड्या आल्या. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे कळायला मुलाला आणखी काय लागते? शेतकऱ्याच्या घरात या सामानाला तोटा नाही. आज हजारो रुपये फी भरून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांशी खेळणारी मुले पाहिली की मला कोसबाडचे चिंचोके आठवतात.

१९५७ साली काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले, अगदी पाड्यांच्या मध्ये. इथे दुसरीच अडचण. सात-आठ वर्षांचा मुलगा म्हणजे घरचा गुराखी. तो शाळेत बसला तर गुरे कोण वळणार? आणि गुरे वळली नाहीत तर पोटाला काय? बाप मूर्ख नव्हता, त्याचा हिशेब बरोबरच होता. तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरायची, मुले झाडाखाली बसायची, शिकवणारे फळा घेऊन तिथे जायचे. गाय कुणाच्या शेतात शिरली तर विद्यार्थी उठून धावायचा आणि तिला वळवून पुन्हा पाढ्याला बसायचा. तिचे नाव कुरणशाळा. पुढे १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालल्या, त्याही याच जातीच्या.

मुलींची गोष्ट आणखी अवघड. मुलगी शाळेला निघाली की धाकटे भावंड कडेवर आलेच. भावंड रडले की वर्गाचा बोजवारा. मग मास्तर रागावणार आणि मुलगी घरी बसणार. हे कुठल्या गावात घडले नाही? कोसबाडला यावर तोड काढली ती अशी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली आपल्या वर्गात. सुट्टी झाली की तिघे मिळून घरी. याला विकासवाडी म्हणत. आया-बहिणींनो, मुलगी का शिकत नाही याची चर्चा ऐकून कान किटले असतील, पण तिच्या कडेवरचे मूल कुणीतरी उतरवून घ्यायला हवे, हे ओळखायला या दोघी लागल्या.

१९७३ साली ताराबाई गेल्या. तोवर दोघींनी अठ्ठावीस वर्षे एकत्र काम केले होते. अनुताई एकट्या पडल्या, पण टेकडी सोडून गेल्या नाहीत. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्यात सकस आहार आला, लसटोचणी आली, ते चांगलेच झाले. शिकवणे मात्र पुष्कळ ठिकाणी खिचडीच्या पातेल्यामागे दडले. दोष सेविकेला देऊ नका, तिच्या डोक्यावर नोंदवह्यांचे ओझे किती असते ते एकदा जाऊन पाहा. तीन ते सहा या वयाला शाळेच्या आराखड्यात जागा मिळाली ती २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात. बोर्डीच्या अंगणानंतर पाऊणशे वर्षांनी!

अनुताईंनी १९८२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, याच भागात ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आपले अनुभव त्यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहून ठेवले आहेत. गावच्या वाचनालयात असेल तर घरात एकदा मोठ्याने वाचावे. अनुताईंना स्वतःचे मूल नव्हते. पण ज्यांना त्यांनी पहिल्यांदा न्हाऊ घातले ती पोरे आता ऐंशीच्या घरात असतील, आणि नाती-पणतींच्या हिशेबाने पाहिले तर या टेकडीच्या आसपास त्या कितीजणांच्या आजी लागतील कोण जाणे.

जायचे तर दिवाळीनंतर जावे, वाटेवर भाताची उडवी रचलेली दिसतात. मात्र याच दिवसांत पाड्यावरची कुटुंबे गवत कापायला, वीटभट्टीवर निघून जातात, आणि पुष्कळ मुले त्यांच्याबरोबर. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना हे सांगायला नको. रविवारी जाऊ नये, शाळा बंद असते. पाड्यावर गेलात तर मुलांना गोळ्या वाटत, फोटो काढत हिंडू नका. अंगणात बसा, चार चिंचोके मांडा, ती आपण होऊन जवळ येतील.