काम शोधायचे कुणी?

माणदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या वृद्धेला वय विचारले, तर ती सन सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, थोरला तेव्हा अंगावर पीत होता, असा हिशेब ती मांडते. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी तिच्या आठवणीत अजून ताजी असते.

त्या खडीच्या ढिगामागे जवळजवळ शंभर वर्षांचा एक वाद उभा आहे. हाताला काम नसेल, तर ते शोधण्याची जबाबदारी कुणाची?

१८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने रस्त्यांची आणि तलावांची कामे काढली खरी. पण गरज नसलेलेही मजुरीला येतील, ही धास्ती सरकारला उपासमारीपेक्षा मोठी वाटत होती. म्हणून काम जड ठेवायचे, मजुरी तुटपुंजी ठेवायची आणि कामाची जागा गावापासून दूर ठेवायची. आपली भूक खरी आहे, हे माणसाने मैलोन्‌मैल चालून सिद्ध करायचे! १८७७ च्या आरंभी मजुरी कापली गेली आणि मजुरांना दूरच्या छावण्यांवर जाण्याचे हुकूम सुटले. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामेच सोडून दिली. उपाशीपोटी केलेला हा संप पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो. संप म्हटला की गिरणीचा भोंगाच आठवावा, अशी आपली सवय. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र या मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे दुष्काळसंहिता तयार झाल्या. जीव वाचवणे हे सरकारचे कर्तव्य ठरले, पण काम मागणाऱ्याकडे संशयाने पाहणारी नजर बदलली नाही.

ती नजर बदलण्याचा प्रयत्न केला तो वि. स. पागे यांनी. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे हे गृहस्थ विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क आहे, असा त्यांचा आग्रह. साठच्या दशकात त्यांच्याच तालुक्यात त्याचा लहानसा प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना राज्याने ही योजना स्वीकारली. तेवढ्यात दुष्काळाने सारे गिळले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती.

दुष्काळ सरला, कल्पना टिकली. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. आता शोधाशोध करायची ती सरकारी यंत्रणेने. अंगमेहनतीची तयारी एवढीच अट उरली. जुनी कसोटी मात्र पुरती गेली नाही. ती कमी मजुरीत दडून राहिली.

या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. शेतमालकाच्या बांधावर बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी. इथे खोदलेल्या मातीचे माप घेतले जाई, आणि माती बाईने खोदली की पुरुषाने, हे माप सांगत नाही. नालाबांध आणि पाझर तलाव यांतून उभे राहिले. भत्ता मात्र फारच क्वचित कुणाच्या हाती पडला. अर्जाची पोचच मिळाली नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून? हमी कायद्यात होती, पण ती वसूल करण्यासाठी लागणारा कागदाचा चिटोरा निरक्षर मजुराकडे नव्हता.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने ही हमी देशभर नेली. तिथे मात्र दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांचे माप आले.

आणि पैसा? तो बराचसा शहरांनी दिला. १९७५ मध्ये महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला तो मुख्यतः याच कामासाठी. मुंबई-पुण्यात पहिली नोकरी लागलेला तरुण पगाराची पावती उघडतो, तेव्हा दरमहा कापलेले २०० रुपये त्याला दिसतात. फेब्रुवारीत ते ३०० होतात. हे कशाचे, असे तो शेजारच्या टेबलावर विचारतो. तिथेही सहसा कुणाला ठाऊक नसते.